वारा समुद्रावर, इमारत नाशकात

गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या पवनचक्क्या उभारण्यासाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये अर्थसाह्य मंजूर केले. ही वीज उद्या नाशिकच्या एखाद्या तीस मजली इमारतीपर्यंत पोहोचवणे फारसे अवघड नाही, उच्चदाब वाहिन्या आहेतच. अडचण आहे ती वेळेची. वाऱ्याचा वेग निम्म्यावर आला की त्यातली ऊर्जा एक अष्टमांशच उरते. इमारतीत मात्र संध्याकाळी सातला लिफ्ट, पाण्याचे पंप, एसी, सगळे एकदम सुरू होते.

मग वीज साठवायची कुठे? गच्चीवर पाण्याची टाकी असतेच, तिचा उपयोग होईल का? हिशेब मांडून पाहू. १,००० लिटर पाणी ९० मीटरवरून खाली सोडून टर्बाइन फिरवले, तर हाती येते जेमतेम पाव युनिट. लाखभर लिटरची टाकी रिकामी केली तरी २५ युनिटे भरत नाहीत. एवढ्यात तीन-चार घरांचा दिवस निघेल.

खरी उंची आहे सह्याद्रीत. घोटीहून भंडारदऱ्याकडे गेले की पुढे अकोले तालुक्यातले घाटघर लागते. तिथल्या वरच्या जलाशयातले पाणी बोगद्यातून सुमारे ४०० मीटर खाली, शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याकडे झेपावते. डोंगराच्या पोटातल्या वीजगृहात १२५ मेगावॉटचे दोन संच आहेत. मागणी घटली की हीच यंत्रे उलटी फिरतात आणि पाणी पुन्हा वर चढवतात. इथे हजार लिटरमागे साधारण एक युनिट पडते. अशा उदंचन प्रकल्पात चढ-उतारात पाचवा हिस्सा किंवा थोडी जास्तच वीज खर्ची पडते, पण यंत्रणा कित्येक दशके टिकते. घाटघरचा प्रकल्प २००८ पासून चालू आहे.

सोसायटीच्या आवारात मात्र बॅटरीच सोयीची. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटऱ्यांच्या २० फुटी कंटेनरमध्ये आता ५,००० युनिटांच्या आसपास वीज मावते. दिवसाला आठ युनिटे वापरणारी २०० घरे धरली, तरी तीन दिवसांची बेगमी झाली. आज आपण डिझेल जनरेटर बसवतो, त्याची जागा बॅटरीने घ्यावी. फक्त ती तळघरात नको, मोकळ्या जागेत हवी. एक सेल तापून पेटला तर आग शेजारच्या सेलकडे सरकते.

पावसाळ्यातला वारा मार्चपर्यंत साठवून ठेवणे कोणत्याही बॅटरीला परवडणारे नाही. त्याची गरजही नाही. आभाळ भरून आले की सौर पॅनेल मंदावतात, आणि नेमका तेव्हाच गुजरातच्या समुद्रावर वारा जोर धरतो. उरलेले महिने नाशिकचे ऊन सांभाळून घेईल. बॅटरीने दुपारची वीज रात्रीपर्यंत नेली की पुरे.