अधोदिशा आणि कामाचा ताण

कामाच्या ताणावर आज बहुधा एकच उपाय सुचविला जातो : कर्मचाऱ्याने ध्यान करावे, मन शांत ठेवावे. ध्यानाचे मोल निःसंशय मोठे आहे. तथापि दीघनिकायातील सिगालोवादसुत्तात मालक व कामगार यांच्या संबंधाचा विचार आला आहे आणि त्याचा आरंभ मालकाच्या कर्तव्यांपासून होतो.

राजगृहाच्या वेळुवनात तथागतांनी सिगाल या गृहपतिपुत्राला सहा दिशांचा नवा अर्थ सांगितला. दास व कामगार ही त्यांतील अधोदिशा. मालकाने तिची सेवा पाच प्रकारे करावी : शक्तीनुसार काम नेमून देणे, भोजन व वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, विशेष पदार्थांत वाटा देणे आणि योग्य वेळी सुटी देणे. असा सांभाळ झाला म्हणजे कामगारही मालकावर पाच प्रकारे अनुकंपा करतात. काम उत्तम करणे व मालकाची सत्कीर्ती सांगणे ही त्यांपैकी दोन होत. मूळ पालीत ‘अनुकम्पन्ति’ हेच क्रियापद मातापिता व आचार्य यांच्यासाठीही योजले आहे. श्रमणाऱ्याचा हा केवढा गौरव !

आचार्य बुद्धघोष अट्ठकथेत स्पष्टीकरण करतात की, तरुणाने करावयाचे काम वृद्धास देऊ नये; दिवसभर राबणारा थकतो, म्हणून त्याला वेळीच मोकळे करावे. शक्ती आणि काम यांतील अंतर वाढत गेले की ताण उत्पन्न होतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये ‘बर्नआउट’ या अवस्थेची तीन लक्षणे नमूद केली : शक्तिपात, कामाविषयी दुरावा आणि कार्यक्षमतेचा ऱ्हास. पहिली दोन कर्मचारी भोगतो, तिसऱ्याची झळ मालकालाही बसते. याच संघटनेने व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला 55 वा अधिक तास काम केल्यामुळे 2016 या एका वर्षात पक्षाघात व हृदयविकाराने सुमारे 7 लक्ष 45 हजार माणसे दगावली.

सुत्तातील ‘दास’ या शब्दावर तत्कालीन समाजाची छाया आहे, हे मान्य केले पाहिजे. शिवाय मालकाच्या सद्भावनेवर सारे सोपविणे पुरेसे नाही. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळणाऱ्या बाबासाहेबांनी हे ओळखले होते. 1946 च्या कारखाना सुधारणा कायद्याने बारमाही कारखान्यांतील कामाची साप्ताहिक मर्यादा 54 तासांवरून 48 तासांवर आली. योग्य वेळी सुटी हा तेथे मालकाचा उपकार राहिला नाही. तो कामगाराचा हक्क झाला.

आज आपल्यांपैकी अनेक जण अधिकारीपदावर आहेत. अनेकांच्या घरी मोलकरीण येते. कार्यालयात आपण ताणाची तक्रार करतो, ती रास्तच असते. परंतु आपल्या हाताखालच्या शिपायाला आणि घरच्या मोलकरणीला आपण शक्तीनुसार काम, पुरते वेतन व आजारपणाची सुटी देतो काय, हा प्रश्न उपासकाने प्रथम स्वतःस विचारावा. अधोदिशेची सेवा तेथून सुरू होते.