जॉन न्यूटनला चाळीस वर्षं का लागली?

‘अमेझिंग ग्रेस’ या गीतामागची एक गोष्ट ख्रिस्ती सभांमधून हमखास सांगितली जाते. गुलामांचा व्यापार करणारा जॉन न्यूटन वादळात सापडला, त्याने देवाचा धावा केला, जहाज वाचलं आणि धंदा तिथेच सोडून त्याने हे गीत लिहिलं. गोष्ट मनाला भिडते, पण ती खरी नाही. तिच्यामुळे कृपेबद्दल एक मोठा गैरसमज मात्र पसरतो: कृपा लाभली की माणूस एका रात्रीत स्वच्छ होतो आणि मागचं काही बोलायची गरज उरत नाही.

मार्च 1748 मध्ये ‘ग्रेहाउंड’ जहाज वादळात सापडलं आणि न्यूटनने प्रार्थना केली, एवढं खरं. पण पुढे 1750 ते 1754 या काळात तो गुलाम वाहणाऱ्या जहाजांचा कप्तान होता. वर तो नेमाने प्रार्थना करत होता आणि खाली जहाजाच्या पोटात माणसं साखळदंडांनी बांधलेली होती. 1754 मध्ये त्याचं समुद्रावरचं काम सुटलं ते आजारपणामुळे. 1764 मध्ये तो धर्मगुरू झाला. ते गीत ओल्नी गावात, 1773 च्या नववर्षदिनाच्या उपासनेच्या सुमारास आलं. आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे पुस्तिका लिहिली ती थेट 1788 मध्ये, वादळानंतर चाळीस वर्षांनी.

त्या पुस्तिकेत त्याने स्वतःला वगळलं नाही. माणसं कशी दाटीने कोंबली जात, अंगठे पिळणारी यंत्रं कशी वापरली जात, स्त्रियांचं काय होई, हे त्याने जहाजावरच्या माणसाच्या तपशिलाने लिहिलं आणि या धंद्यात आपला हात होता याची लाज उघड मान्य केली. पुढे ब्रिटिश संसदेच्या चौकशीतही त्याने साक्ष दिली. गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारा कायदा 1807 मध्ये झाला; त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूटन वारला. त्या चाळीस वर्षांचं समर्थन कोणी करू नये. जहाजाच्या तळात मेलेल्यांपर्यंत त्याचा पश्चात्ताप पोहोचला नाही. पण धर्मगुरू म्हणून नाव झालेल्या माणसाने म्हातारपणी स्वतःविरुद्ध लिहावं, हे बळ त्याला कृपेवरच्या विश्वासातून मिळालं, असं मला वाटतं. देवाने आपल्याला पूर्ण ओळखूनही टाकलेलं नाही, यावर ज्याचा भरवसा बसतो, त्याला लोकांसमोर चांगलं दिसण्यासाठी खोटं जपावं लागत नाही.

‘क्षमा मिळणारच, तर पाप केलं काय, न केलं काय?’ हा प्रश्न पौलाच्याही कानावर आला होता. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात त्याने तो साफ फेटाळला. नाझी राजवटीला विरोध करणारे जर्मन धर्मशास्त्री डीट्रिख बॉनहोफर यांनी 1937 मधल्या पुस्तकात अशा फुकटच्या दिलाशाला ‘स्वस्त कृपा’ म्हटलं.

भरपाईचं काय? लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवून घेतलेलं चौपट परत द्यायला तयार होतो. चुकीची कबुली देणाऱ्याने मूळ रकमेवर पाचवा हिस्सा जादा द्यावा, एवढंच मोशेच्या नियमशास्त्रात गणनाच्या पुस्तकात सांगितलं आहे. जक्कय त्याच्या कितीतरी पुढे जातो. आणि क्रम पाहा: येशू त्याच्या घरी उतरायचं आधी ठरवतो, पैशाचं बोलणं नंतर निघतं. कृपा आधी येते, पण ती भरपाई टाळत नाही, तिच्याकडेच नेते. म्हणून चर्चमध्ये अत्याचार झाल्यावर पीडितेला ‘क्षमा कर, पोलिसांकडे जाऊ नकोस’ सांगणाऱ्यांना शुभवर्तमानाचा आधार नाही.

पापाची कबुली फक्त कॅथलिकांची, हाही समज आहे. वसईत आणि गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात, त्या संस्काराला वर्षातून एकदा तरी जाण्याचा नियम 1215 च्या लॅटरन परिषदेने घातला आणि तिथे ऐकलेलं धर्मगुरूने कधीही उघड करायचं नसतं. प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या उपासनेतही सर्वांनी मिळून पाप कबूल करण्याची प्रार्थना असते. मात्र प्रामाणिक राहायचं म्हणजे व्यासपीठावरून सगळं सांगायचं, असं नव्हे. याकोबाच्या पत्रातला सल्ला एकमेकांजवळ बोलण्याचा आहे.

आणि लाज? ती नेहमी स्वतःच्या पापाचीच असते असं नाही. 1883 मध्ये इंग्लंडला गेलेल्या पंडिता रमाबाईंनी लंडनच्या फुलहॅम भागातलं, धर्मभगिनी चालवत असलेलं आश्रयगृह पाहिलं. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना तिथे मायेने वागवलं जात होतं. हे कशापोटी, असं विचारल्यावर एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. त्या बाईला कितीतरी प्रवचनांत बदफैली म्हटलं जातं. शुभवर्तमानात तसा शब्द नाही. पाच नवरे झाले आणि आताचा पुरुष तिचा नवरा नाही, एवढंच कळतं; ते पाच जण वारले की त्यांनी तिला टाकलं हे कळत नाही. मी केलेलं सगळं याने मला सांगितलं, असं ती स्वतःच गावात जाऊन सांगते आणि तिच्या सांगण्यावरून पुष्कळ जण विश्वास ठेवतात. रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारलं, तेव्हा अशाच स्त्रियांसाठी तिथे वेगळं घर केलं आणि त्याला ‘कृपासदन’ हे नाव दिलं.