पक्षाघातानंतर मन का खचते?

आपल्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्केच असते. परंतु शरीर वापरत असलेल्या प्राणवायूपैकी जवळजवळ २० टक्के प्राणवायू एकट्या मेंदूला लागतो. तो रक्तावाटे पोहोचतो. मेंदूतील एखादी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली किंवा फुटली, तर तेथील चेतापेशी काही मिनिटांतच मरू लागतात. यालाच पक्षाघात म्हणतात. मग हातपाय लुळे पडतात, वाचा अडखळते.

हे सर्वांना दिसते. मनावरचा परिणाम मात्र पुष्कळदा नजरेतून सुटतो. पक्षाघात झालेल्या सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना पुढे नैराश्य येते. झोप उडते, अन्नावरची वासना जाते, कशातच रस वाटत नाही.

असे का व्हावे? एक कारण सहज समजते. ज्या सुताराचा उजवा हात गेला, त्याला दुःख होणारच. दुसरे कारण मेंदूतच असते. मेंदूच्या तळाकडील स्तंभातून निघालेले चेतातंतू पुढच्या भागापर्यंत पसरलेले असतात. सेरोटोनिनसारखी रसायने त्यांच्यामार्फत भावनांचे नियमन करण्यास मदत करतात. वाटेत तार तुटली, की शाबूत दिवाही पेटत नाही. तसेच काहीसे येथे घडत असावे.

मग मेंदूच्या कोणत्या भागाला इजा झाल्यास नैराश्य येते? डाव्या बाजूच्या पुढील भागाला, असे अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट रॉबिन्सन यांनी १९८४ मध्ये मांडले. पण २००० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अनेक संशोधनांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात असा संबंध आढळला नाही. म्हणजे मनःस्थिती कोणत्याही एका बटणावर चालत नाही!

काही रुग्णांना दुःख नसतानाही अनावर रडू किंवा हसू येते. तो विकार नैराश्याहून वेगळा आहे.

खचलेला रुग्ण व्यायाम टाळतो आणि त्यामुळे हातापायांची सुधारणाही रेंगाळते. घरची माणसे म्हणतात, “जरा मन घट्ट करा!” पण हा आळस नव्हे, की मनाचा दुबळेपणाही नव्हे. हा आजाराचाच भाग आहे आणि औषधे व समुपदेशन यांनी त्यावर उपचार करता येतात. ज्याची वाचा गेली आहे, तो आपली व्यथा सांगू शकत नाही. म्हणून त्याची झोप, भूक आणि चेहरा यांकडे घरच्यांनीच लक्ष द्यावे. उदासी दोन आठवडे टिकली, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे; जीव नकोसा झाल्याची भाषा कानावर आली, तर मात्र एक दिवसही थांबू नये.