अवरेचा सोगडू आणि शेंगेतील अळी

डिसेंबर निम्मा सरला की बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधील हातगाड्या हिरव्या शेंगांनी भरून जातात. होसूर आणि सर्जापूर या दोन गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांवरून नाव पडलेली ही वसाहत आज संगणक कंपन्यांची म्हणून ओळखली जात असली, तरी आनेकल, सर्जापूर, होसकोटे या भागांतील नाचणीची शिवारे येथून फार दूर नाहीत. तेथून येणारी ही शेंग म्हणजे ‘अवरेकाय’. ती हाताळली की बोटांना किंचित तेलकट चिकटपणा लागतो आणि एक उग्र-गोड वास हात धुतल्यावरही काही वेळ दरवळत राहतो. या वासाला कन्नडमध्ये ‘सोगडू’ म्हणतात. येथील जाणती गृहिणी शेंग आधी नाकाशी नेते आणि मगच भाव विचारते.

अवरे म्हणजे आपला वाल

अवरे ही वनस्पती मराठी वाचकास परकी नाही. लॅबलॅब परप्युरिअस हे तिचे शास्त्रीय नाव. आपला वाल आणि पावटा हे तिचेच प्रकार. कोकणात भात निघाल्यावर जमिनीतील ओलीवर वाल घेतात. दक्षिण कर्नाटकात नाचणीच्या ओळींमध्ये पावसाळ्यात अवरे पेरतात. पारंपरिक वाण दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलतात. त्यामुळे नाचणी कापून नेली तरी अवरे शेतात उभी असते आणि थंडी-दवाच्या दिवसांत शेंगांनी लगडते.

बेंगळुरूच्या नावाशीही दाण्यांची एक आख्यायिका जोडलेली आहे. वाट चुकलेल्या होयसळ राजा वीर बल्लाळास एका वृद्धेने उकडलेले दाणे खाऊ घातले, म्हणून हे ‘बेंदकाळूरु’, म्हणजे उकडलेल्या दाण्यांचे गाव झाले, असे सांगतात. मात्र एचएसआर लेआउटपासून काही किलोमीटरवरील बेगूर येथील इ.स. 890 च्या सुमाराच्या वीरगळावर ‘बेंगळूरु’ हे नाव कोरलेले आढळते. वीर बल्लाळ त्यानंतर सुमारे तीन शतकांनी झाला. नावाची ही कथा इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, पण या शहराला दाण्यांचे किती अगत्य आहे, ते तिच्यातून कळते.

सोललेल्या दाण्याची पाककला

या हंगामातील मानाचा पदार्थ ‘हितकिद बेळे सारु’. हितकु म्हणजे चिमटीत दाबणे. ताजे दाणे काही तास पाण्यात भिजवून एकेक दाणा चिमटीत दाबतात. साल हातात राहते आणि मऊ डाळिंबी बाहेर येते. ती नारळ, धने व मसाल्याच्या वाटणात शिजवून नाचणीच्या मुद्द्यासोबत वाढतात. अवरेचे दाणे उपम्यात, तांदळाच्या अक्की रोट्टीत आणि तळलेल्या चिवड्यातही पडतात. जानेवारीच्या सुमारास भरणाऱ्या अवरेबेळे मेळ्यात तर अवरेचे डोसे, होळिगे आणि जिलेबीही मिळते.

रायगड जिल्ह्यातून आलेल्या माझ्या आईला हितकिद बेळे पाहताच आपले बिरडे आठवले. आपण वाळलेले वाल भिजवतो, मोड आणतो, मग सोलतो. येथे ताजा दाणा मोड न आणताच सोलतात. वाळलेल्या वालात सायनाइड निर्माण करू शकणारी ग्लायकोसाइडे असतात. भिजवणे, ते पाणी टाकून देणे आणि नीट शिजवणे या परंपरेला असा रासायनिक आधार आहे. थंडीत भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात शेंगा भाजून केलेली आमची पोपटी आणि येथील सारु ही एकाच वेलीची दोन माहेरे होत.

गंधाचे आणि किडीचे नाते

सोगडू हा शेंगेच्या पृष्ठभागावर पाझरणाऱ्या स्रावाचा गंध आहे. डोडेसेनॉइक आणि टेट्राडेसेनॉइक ही मेदाम्ले या स्रावात आढळली आहेत. शेंगेचा शोध मात्र केवळ गृहिणीच घेत नाही. शेंगेत हमखास सापडणारी हिरवट अळी बहुधा आडिसुरा ॲटकिन्सोनी या पतंगाची असते. अवरे हे तिचे मुख्य खाद्य. तिच्याबरोबर हेलिकोव्हर्पा, म्हणजे आपली हरभऱ्यावरील घाटे अळी, तसेच फुलांचे गुच्छ जाळ्याने गुंडाळणारी मारुकाही असते.

बाजारात एक समज दृढ आहे : शेंगेत अळी असेल, तर औषध मारलेले नाही. कीटकशास्त्राची पदवी घेऊनही प्रारंभी मला तो पटत असे. तो फसवा आहे. अळी एकदा शेंगेत शिरली की वरून फवारलेले स्पर्शजन्य कीटकनाशक तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. उशिरा फवारणी झाली, तर आत अळी जिवंत आणि सालीवर अवशेष, अशी दोन्ही संकटे एकाच शेंगेत नांदू शकतात.

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षण वर्गात मी अवरेवरील फवारणीचे वेळापत्रक समजावून सांगत होते. शेवटच्या रांगेतील एका वयस्क शेतकऱ्याने विचारले, “मॅडम, शेंगा आम्ही चार-पाच दिवसांनी तोडतो. तुमच्या औषधाला थांबायचे दिवस त्याहून जास्त. मग तोडायचे केव्हा? आणि ही शेंग तुम्ही घरी न्याल का?” माझ्या तक्त्यात या प्रश्नाला रकाना नव्हता. तो तक्ता मी पुन्हा कधीच तसाच वापरला नाही.

शेतात आणि बाजारात

त्या प्रश्नाने शिकवलेले थोडक्यात असे. नियंत्रणाची खरी वेळ फुलोऱ्याची आणि अंड्यांची आहे, तोडणीची नव्हे. कळी अवस्थेपासून फुलांचे गुच्छ उघडून पाहावेत. पक्ष्यांसाठी मचाणे आणि 5 टक्के निंबोळी अर्क हे उपाय याच टप्प्यात योजावेत. अळी ओळखल्याशिवाय उपाय निवडू नये : हेलिकोव्हर्पाचा विषाणू, म्हणजे एचएएनपीव्ही, घाटे अळीवर चालतो; आडिसुरावर त्याची भिस्त ठेवता येत नाही. रासायनिक कीटकनाशक अपरिहार्य ठरल्यास ते या पिकासाठी शिफारस केलेले असावे आणि लेबलवरील प्रतीक्षा काळ पूर्ण झाल्याखेरीज तोडणी करू नये. तोडणी सुरू झाल्यानंतर पोखरलेल्या शेंगा वेचून वेगळ्या करून नष्ट करणे हाच उत्तम मार्ग.

बेंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने ‘हेब्बाळ अवरे-3’ व ‘हेब्बाळ अवरे-4’ आणि भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ‘अर्का जय’ व ‘अर्का विजय’ असे दिवसमानाला न बांधलेले वाण दिले. त्यामुळे शेतकऱ्याला हंगामाबाहेरही उत्पन्न मिळते, हा मोठा लाभ आहे. पण शेतात वर्षभर अवरे उभी राहिली, तर अवरेवर जगणाऱ्या किडीलाही वर्षभर अन्न मिळते; लागवडीचे नियोजन करताना हे विसरून चालणार नाही. शिवाय उन्हाळ्यातील शेंगेला थंडीतील सोगडू नसतो, ही येथील खवय्यांची कायमची तक्रार आहे.

ग्राहकाचा वाटाही लहान नाही. एका छिद्रासाठी आपण अख्ख्या ढिगाचा भाव पाडतो, आणि तोडणीच्या तोंडावर फवारणी होते ती त्या भीतीने. अळी दिसते, काढून टाकता येते; अवशेष दिसत नाहीत, आणि धुण्याने ते पूर्णपणे जातही नाहीत. म्हणून छिद्र हा शुद्धतेचा दाखला मानू नये आणि नासाडीचाही. हंगामात घ्यावे, ओळखीच्या उत्पादकाकडून घ्यावे आणि शेवटची फवारणी केव्हा झाली, हे विचारावे.

पूर्वी मी शेंग उलटसुलट करून छिद्र दिसताच परत टाकीत असे. आता कोपऱ्यावरील भाजीवाल्या अक्कांना तोडणीचा आणि फवारणीचा दिवस विचारते. पहिल्या वर्षी त्या हसल्या होत्या. यंदा मी विचारण्यापूर्वीच त्यांनी दोन्ही दिवस सांगितले, कारण त्यांनी ते शेतकऱ्याला आधीच विचारून ठेवले होते. घरी शेंगा सोलताना चार अळ्या निघाल्या. आईने त्या गच्चीच्या कठड्यावर ठेवल्या. साळुंक्या आल्या, आणि आम्ही दाणे भिजत घातले.