गरज, शिफारस आणि सेवन : आहाराच्या हिशेबातील नेमके शब्द

मोसम नदीच्या काठी वसलेले नामपूर हे बागलाण तालुक्यातील बाजारपेठेचे गाव होय. येथे कांद्याचा मोठा बाजार भरतो. खरिपात बाजरी व मका आणि रब्बीत कांदा घेणारा या भागातील शेतकरी खताच्या हिशेबात सहसा फसत नाही. रब्बी कांद्यास हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश द्यावे अशी शिफारस असता तो १०० किलो युरिया टाकून स्वस्थ बसत नाही. युरियात नत्र ४६ टक्के असते, म्हणून एवढ्या नत्रासाठी सुमारे २१७ किलो युरिया लागतो, हे तो जाणतो. शिफारस वेगळी, जमिनीत आधीच असलेला साठा वेगळा आणि पिकाने प्रत्यक्ष उचललेले अन्नद्रव्य वेगळे, हा भेद त्याच्या अंगवळणी पडलेला आहे.

तोच हिशेब घरातील माणसांच्या ताटाविषयी मांडण्याची वेळ आली, की मात्र शब्द सैल होतात. ‘स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागते’ असे वाक्य भित्तिपत्रकांतून व भाषणांतून सर्रास येते. येथे ‘लागते’ म्हणजे काय? प्रत्येक स्त्रीची गरज तेवढी असते, की तेवढे खाल्ले असता बहुतेक सर्व स्त्रियांची गरज भागते? ते लोह ताटात असावे, की अंगी लागावे? या प्रश्नांची उत्तरे निरनिराळी आहेत आणि त्यांवर गावाच्या आहाराविषयीचा निष्कर्ष अवलंबून असतो. प्रश्न किरकोळ नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळून आला. ज्या कामाचा व्याप एवढा मोठा, त्यातील मापे नेमकी असणे अगत्याचे आहे.

तीन आकडे, तीन अर्थ

भारतीयांच्या आहारासाठी पोषकद्रव्यांच्या मात्रा सुचविण्याचे काम आपल्या देशात १९४४ पासून चालू आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषद व हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये या मात्रांची सुधारित मांडणी केली. त्या वेळी शिफारशीबरोबर सरासरी गरज आणि वरची मर्यादा हे आकडेही प्रथमच देण्यात आले. या तीन संज्ञांचे अर्थ पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली संज्ञा ‘सरासरी अंदाजित गरज’. एकाच वयाच्या व एकाच लिंगाच्या निरोगी माणसांच्या गटात जेवढ्या मात्रेने निम्म्या माणसांची गरज भागते व निम्म्यांची भागत नाही, ती ही मात्रा होय. प्रौढ स्त्रीसाठी लोहाची ही मात्रा १५ मिलिग्रॅम आहे.

दुसरी संज्ञा ‘शिफारशीत दैनिक मात्रा’. गटातील जवळजवळ सर्व, म्हणजे शेकडा ९७ ते ९८ निरोगी माणसांची गरज भागेल अशा बेताने ती सरासरी गरजेवरून काढलेली असते व तिच्याहून मोठी असते. लोहाच्या बाबतीत प्रौढ स्त्रीसाठी ती २९ मिलिग्रॅम आहे.

तिसरी संज्ञा ‘सहनीय वरची मर्यादा’. निरोगी माणसाने दररोज व दीर्घकाळ घेतले तरी अपाय होण्याची भीती नाही, अशी ही सर्वांत मोठी मात्रा होय. प्रौढांसाठी लोहाची ही मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे.

उष्मांकांचा नियम याहून वेगळा आहे. उष्मांकांस फक्त सरासरी गरज सांगतात, शिफारस वाढवून सांगत नाहीत. कारण सर्वांनाच गरजेपेक्षा अधिक उष्मांक दिले तर बहुतेकांच्या अंगी नुसता मेद वाढेल. मध्यम श्रमाच्या पुरुषास दिवसाला २७१० व स्त्रीस २१३० किलोकॅलरी धरल्या आहेत. बोलण्यात यांनाच नुसते ‘कॅलरी’ म्हणतात. तथापि शास्त्रीय कॅलरी ही किलोकॅलरीच्या हजारावा भाग असते, हे नोंद करणाऱ्याने विसरू नये.

सत्तर की वीस?

संज्ञांची सरमिसळ झाल्यास काय घडते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एखाद्या वस्तीतील २० प्रौढ स्त्रियांचा नेहमीचा आहार तपासला. सुमारे ५५ किलो वजनाच्या स्त्रीस प्रथिनांची सरासरी गरज दिवसाला ३६ ग्रॅम व शिफारशीत मात्रा ४६ ग्रॅम आहे. तपासणीत ४ स्त्रियांच्या आहारात ३६ ग्रॅमहून कमी, १० स्त्रियांच्या आहारात ३६ ते ४६ यांच्या दरम्यान आणि ६ स्त्रियांच्या आहारात ४६ ग्रॅमहून अधिक प्रथिने आढळली.

आता शिफारशीचा आकडा हीच तुटीची रेघ मानली तर २० पैकी १४, म्हणजे ७० टक्के स्त्रियांना प्रथिने कमी पडतात असा अहवाल जाईल. योग्य रीत अशी, की गटातील तुटीचा अंदाज करताना सरासरी गरजेखाली किती जणी आहेत ते मोजावे. तसे केल्यास आकडा २० पैकी ४, म्हणजे २० टक्के येतो. सरासरी गरजेखालील काही स्त्रियांची स्वतःची गरज मुळात कमी असल्याने ती भागत असते, तर तिच्या वर असलेल्या काहींची गरज मोठी असल्याने भागत नसते. गट पुरेसा मोठा असल्यास या दोन बाजू साधारणपणे एकमेकींस तोलतात. खऱ्या पाहणीत याकरिता २० हून पुष्कळ अधिक माणसे घ्यावी लागतात.

वस्ती तीच, ताटे तीच, मात्र रेघ बदलताच वीसाचे सत्तर झाले. अशा अहवालावरून योजना आखली गेल्यास, ज्या चौघींना खरोखर मदत हवी त्या चौदा जणींच्या गर्दीत हरवतात.

ही रीत लोहास जशीच्या तशी लावू नये. पाळीतील रक्तस्रावाचे प्रमाण प्रत्येकीचे निराळे असल्याने स्त्रियांची लोहाची गरज सरासरीच्या दोन्ही बाजूंस सारखी विखुरलेली नसते. तेथे तज्ज्ञ शक्यतेच्या गणिताची वेगळी पद्धत वापरतात. शिवाय आहारातील लोहाची तूट आणि रक्तक्षय या दोन गोष्टी एक नव्हेत. तूट आहाराच्या हिशेबाने कळते, तर रक्तक्षय रक्ताच्या तपासणीने ठरतो. त्याला लोहाखेरीज फोलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, जंत आणि इतर आजार हीही कारणे असतात.

पोत्यात किती, ताटात किती, अंगी किती

‘घरात महिन्याला एवढी बाजरी लागते’ या माहितीवरून निघते ती अन्नाची उपलब्धता. ती घरातील माणसांत सारखी वाटून माणशी आकडा काढला, तरी त्यास सेवन म्हणता येत नाही. जी सून सर्वांना वाढून शेवटी जेवावयास बसते, तिच्या वाट्याला काय आले ते या सरासरीत दिसत नाही. सेवन म्हणजे त्या व्यक्तीने प्रत्यक्ष खाल्लेले अन्न. त्यासाठी त्या व्यक्तीलाच विचारावे लागते व शक्य तेथे वजन करावे लागते. १९७२ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१५ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय पोषण संनियंत्रण संस्थेच्या पाहण्यांत अन्नाचे वजन करणे आणि मागील चोवीस तासांतील आहार विचारून घेणे, या दोन्ही पद्धती वापरल्या गेल्या. मात्र एका दिवसाचा आहार हा नेहमीचा आहार नव्हे. बाजाराच्या, उपवासाच्या व सणाच्या दिवशी ताट बदलते. यास्तव काही घरांतून तरी निरनिराळ्या दिवशी पुन्हा विचारणा करावी.

२०१७ च्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत देशाच्या सहा विभागांतून नमुने घेऊन ५२८ खाद्यपदार्थांचे पृथक्करण दिलेले आहे. त्यानुसार १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६.४ मिलिग्रॅम लोह असते. हा आकडा कोरड्या धान्याचा आहे. भाकरीच्या वजनात पाणीही असते, म्हणून भाकरीचे वजन करून त्यास हा आकडा लावू नये. तिला लागलेल्या पिठाचे वजन धरावे. दिवसात ३०० ग्रॅम बाजरीचे पीठ खाणाऱ्या स्त्रीस त्यातून सुमारे १९ मिलिग्रॅम लोह मिळते. हे सरासरी गरजेहून अधिक व शिफारशीहून कमी झाले. ‘हिला लोह कमी पडते’ असे यावरून म्हणता येत नाही आणि ‘हिला निश्चित पुरते’ असेही म्हणता येत नाही.

यातील अंगी किती लागते, तो प्रश्न आणखी वेगळा. आपल्या धान्यप्रधान आहारातील लोहाचे शोषण २०२० च्या मांडणीत सुमारे ८ टक्के धरले आहे. म्हणजे १९ मिलिग्रॅमपैकी दीड मिलिग्रॅमच शरीरात जाते. १५ व २९ हे आकडे ठरवितानाच शोषणाची ही घट जमेस धरलेली असल्याने ती पुन्हा वजा करू नये. जेवणात लिंबू, पेरू किंवा आवळा असल्यास शोषण वाढते व जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते घटते, हे मात्र घरोघर सांगावे.

बियाण्याच्या माहितीतील मापही निराळे असते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये प्रसारित झालेल्या ‘धनशक्ती’ या बाजरीच्या वाणात किलोमागे ७० मिलिग्रॅमहून अधिक लोह असल्याचे सांगितले जाते. तक्त्यातील ६.४ हा आकडा १०० ग्रॅमचा आहे. दोन्ही एका मापावर आणल्याशिवाय तुलना करू नये. नाहीतर थोडासा फरक दहापट भासेल.

मर्यादेविषयी गैरसमज

रक्तक्षय निवारणासाठी स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. वरची मर्यादा ४५ असताना ही गोळी कशी घ्यावी, अशी शंका एखादी शिकलेली मुलगी विचारील, तर तिची हेटाळणी करू नये. शंका रास्त आहे. उत्तर संज्ञेच्या अर्थातच आहे. ती मर्यादा निरोगी माणसाच्या रोजच्या व दीर्घकाळच्या सेवनासाठी आहे. आरोग्य यंत्रणेच्या देखरेखीखाली ठरावीक काळ द्यावयाच्या मात्रेस ती लागू नाही. एवढा खुलासा न झाल्यास गोळ्या फडताळात पडून राहतात. गोळीवरील ६० हा आकडा शुद्ध लोहाचा असतो, हेही सांगावे. स्फटिकरूप फेरस सल्फेटात लोह सुमारे २० टक्केच असल्याने ६० मिलिग्रॅम लोहासाठी तो क्षार सुमारे ३०० मिलिग्रॅम लागतो. युरिया व नत्र यांचाच हा न्याय होय.

एक कल्पना, अनेक नावे

शिफारशीच्या या कल्पनेस अमेरिकेत १९४१ पासून एक नाव आहे, ब्रिटनने १९९१ मध्ये दुसरे दिले आणि युरोपीय संघाच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये तिसरे स्वीकारले. हा गोंधळ मिटावा म्हणून संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या पुढाकाराने जमलेल्या तज्ज्ञांनी २००७ मध्ये सामाईक संज्ञा सुचविल्या. आता आहाराच्या नोंदी संगणकात जात असल्याने संज्ञांचे परस्परसंबंध लिहून ठेवण्याची निकड वाढली आहे. अन्नपदार्थांसाठी व पोषण अभ्यासांसाठी अशा संज्ञाव्यवस्था २०१८ मध्ये प्रसिद्धही झाल्या. अनुभवी कार्यकर्ता चुकीचा शब्द ओळखून मनातल्या मनात सुधारून घेतो. संगणकाला ते साधत नाही; दोन रकान्यांचे नाव सारखे दिसले की तो त्यांची बेरीज करून मोकळा होतो.

सालही तितकेच महत्त्वाचे आहे. प्रौढ स्त्रीसाठी प्रथिनांची शिफारस २०१० मध्ये ५५ ग्रॅम होती, ती २०२० मध्ये ४६ झाली. लोहाची २१ मिलिग्रॅमवरून २९ झाली. साल न लिहिल्यास आहार न बदलताही गाव एका दशकात प्रथिनांत सुधारलेले व लोहात घसरलेले दिसेल.

नोंद करताना

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पोषणाचा कोणताही आकडा लिहिताना पुढील सात गोष्टी त्याबरोबर लिहाव्यात :

१. पोषकद्रव्य कोणते व कोणत्या रूपात. शुद्ध लोह की त्याचा क्षार.
२. कोणासाठी; वय, लिंग, श्रम, गरोदर किंवा स्तनदा अवस्था.
३. आकडा कशाचा, उपलब्धता, सेवन, शोषण, सरासरी गरज, शिफारस की वरची मर्यादा.
४. किती काळाचा; एका दिवसाचा की नेहमीचा.
५. अन्न कच्चे की शिजविलेले. साल-देठ काढून की त्यासह.
६. माप कोणते, १०० ग्रॅममागे, किलोमागे की माणशी दररोज.
७. मात्रा कोणी व कोणत्या साली ठरविली.

शेतकरी कुटुंबांनी एवढे ध्यानी ठेवावे, की शिफारशीत मात्रा हे ताटाची आखणी करताना पुढे ठेवावयाचे उद्दिष्ट आहे. ते गाठण्यासाठी बाजरीच्या भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी व लिंबाची फोड असावी आणि ती घरातील प्रत्येकाच्या, विशेषतः शेवटी जेवणाऱ्या बाईच्याही ताटात पडावी.