प्रादेशिक बातमीपत्र : उच्चार, भाषा आणि विश्वास

दूरचित्रवाणीवरील प्रादेशिक बातमीपत्र काही मिनिटांचेच असते. मात्र त्यावरील प्रेक्षकाचा विश्वास बऱ्याचदा एका लहानशा गोष्टीवर अवलंबून असतो. ती गोष्ट म्हणजे वृत्तनिवेदकाने त्याच्या गावाचे नाव अचूक उच्चारले की नाही.

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्राचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाला. त्यानंतरच्या तीन वर्षांत श्रीनगर, कोलकाता, चेन्नई आणि लखनौ येथेही केंद्रे सुरू झाली आणि प्रादेशिक भाषांतील प्रसारणाचा पाया घातला गेला. मुंबई केंद्राच्या सुरुवातीच्या काळात स्मिता पाटील व भक्ती बर्वे या अभिनेत्रींनी मराठी बातम्या वाचल्या. प्रदीप भिडे यांनी १९७४ पासून सुमारे चार दशके हे काम केले. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा अनेकांना त्यांच्या आवाजाचे आणि सुस्पष्ट उच्चारांचे स्मरण झाले.

हे उच्चार केवळ आवाजाच्या देणगीतून येत नाहीत. वृत्तकक्षात येणारा बराचसा मजकूर इंग्रजीत असतो. इंग्रजी लिपीत डहाणू आणि दापोली ही दोन्ही नावे 'डी' या एकाच अक्षराने सुरू होतात, तर जळगावमधील 'ळ' आणि जालन्यातील 'ल' यांत भेद उरत नाही. देवनागरीतही अडचण संपत नाही. चंद्रपूर आणि चाळीसगाव यांतील 'च' लिहिताना सारखाच असला, तरी त्याचा उच्चार वेगळा होतो. नाशिक आणि यवतमाळ या दोन्ही जिल्ह्यांत वणी नावाचे गाव आहे. अतिवृष्टीच्या वेळी जिल्ह्याचा उल्लेख राहून गेला, तर सावधगिरीची सूचना चुकीच्या घरी पोहोचू शकते.

दुसरा प्रश्न वाक्यरचनेचा आहे. मराठीत क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजीतील लांबलचक वाक्य तसेच अनुवादित केले, तर प्रस्ताव मंजूर झाला की फेटाळला गेला, हे कळेपर्यंत ऐकणाऱ्याचे लक्ष उडालेले असते. वर्तमानपत्राचा वाचक मागे जाऊन ओळ पुन्हा वाचू शकतो. बातमीपत्राच्या प्रेक्षकाला ती सोय नसते. म्हणूनच बातमीचे वाक्य कानासाठी लिहावे लागते आणि निवेदकाने ते प्रसारणापूर्वी एकदा मोठ्याने वाचून पाहणे हिताचे ठरते.

१९९४ मध्ये मराठी उपग्रह वाहिनी सुरू झाली. पुढे तिला 'सह्याद्री' हे नाव मिळाले. या वाहिनीमुळे दिल्ली, इंदूर किंवा वडोदरा येथील मराठी कुटुंबांनाही आपल्या जिल्ह्याची बातमी आपल्या भाषेत ऐकता येऊ लागली. २००७ पासून खासगी मराठी वृत्तवाहिन्याही या क्षेत्रात उतरल्या आणि बातम्यांचा वेग वाढला. मोजकी ठिकाणे वगळता दूरदर्शनचे जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद करण्यात आले आणि घराच्या छपरावरील अँटेनाचा काळ संपला.

प्रसारणाची साधने बदलली, तरी प्रादेशिक बातमीपत्राची मूळ जबाबदारी बदललेली नाही. आपल्या गावाचे नाव चुकीचे ऐकणारा प्रेक्षक पुढची बातमीही साशंक मनाने ऐकतो. ते नाव अचूक उच्चारले जाते, तेव्हा आपली दखल घेतली गेल्याची खात्री त्याला पटते.