एका चपलेला सतरा एकर

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गाचं नाव गिनीज बुकात गेलं. बडनेऱ्याहून अकोल्याकडे निघालं की हाच रस्ता लागतो. त्याच्या एका लेनचं ७५ किलोमीटर डांबरीकरण ७२० माणसांनी १०५ तास ३३ मिनिटांत, रात्रंदिवस एक करून उरकलं. खडी-डांबराचं मिश्रण लागलं ३६,६३४ टन. आपल्याकडचा रस्ता इतक्या लवकर झाला, यावर अजून कुणाकुणाचा विश्वास बसत नाही, तो भाग वेगळा.

७२० हा आकडा वाचला की मला शेगावची पालखी आठवते. गजानन महाराजांच्या पालखीसोबत दरवर्षी सातशेच्या आसपास वारकरी पायी पंढरपूरला जातात. अकोला, पातूर, रिसोड, परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा अशी महिनाभराहून थोडी जास्तच वाट. परतीलाही गाडी नाही, पायीच. वारीचे आकडे म्हटले की पेपरवाले गर्दीचे लाख मोजतात. मला त्या सातशेतल्या एकाच माणसाचा हिशेब मांडायचा आहे, कारण गर्दीपेक्षा तोच जास्त चक्रावून टाकतो.

जाण्याची वाट सोयीसाठी ७०० किलोमीटर धरू आणि पाऊल ७० सेंटिमीटरचं. झाली दहा लाख पावलं. माणूस ६० किलोचा असेल, तर दर पावलाला सगळा भार एका पायावर येतो. दहा लाख वेळा साठ किलो म्हणजे साठ हजार टन. ज्या रस्त्याने विश्वविक्रम केला, त्याच्यावर ओतलेल्या मालाच्या दीडपटीहून जास्त वजन एका वारकऱ्याचे दोन पाय एका वारीत तोलतात. त्याचं नाव कुठल्याच बुकात जात नाही.

हे कोरड्या वाटेचं झालं. ही वाट जूनमधली, म्हणजे मृग डोक्यावर.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. दहा मिलिमीटरची सर शेतकऱ्याच्या खिजगणतीत नसते. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. (१०० मिलिमीटर पाऊस एका एकरावर चार लाख लिटर पाणी ओततो. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर, तेही फुकट.) पण तीच दहा मिलिमीटरची सर वारकऱ्याने डोक्यावरून ओढलेल्या अर्ध्या चौरस मीटर मेणकापडावर पाच लिटर पाणी टाकते. थेंब दोन मिलिमीटर जाडीचा धरला, तर एका लिटरमध्ये दोन लाख अडतीस हजार थेंब बसतात. पाच लिटरचे झाले जवळपास बारा लाख. महिनाभरात जितकी पावलं पडायची, त्याहून जास्त थेंब एका सरीत डोक्यावर पडून गेले. एकेक थेंब येतो ताशी तेवीस किलोमीटरच्या आसपास वेगाने. मधे हवा आडवी येते म्हणून बरं. ती नसती, तर दोन किलोमीटरवरून सुटलेला थेंब ताशी सातशे किलोमीटरने टाळक्यात बसला असता.

पण वऱ्हाडात पावसापेक्षा पावसानंतरच्या मातीची धास्ती जास्त. डांबरावर सगळं ठीक असतं. मुक्कामाच्या मैदानात शिरलं, नाही तर एखादी पांदण ओलांडायची वेळ आली, की काळी माती पाय धरते. पहिल्या दहा पावलांत चपलेला थर बसतो, पुढच्या दहात त्या थराला दुसरा थर चिकटतो. मग चपलेचा अंगठा तरी तुटतो, नाही तर माणूस चपला हातात घेतो. बडनेऱ्याच्या बाहेर अशाच एका पांदणीच्या तोंडाशी एक बाई काडीने चपलेचा चिखल खरवडत बसली होती. बैलगाडीवरचा म्हातारा म्हणाला, ‘काय माय, आख्खं वावर घेऊन चालली का पायाले?’

म्हातारा कमीच बोलला. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे पापुद्रे साधारण एक नॅनोमीटर जाडीचे, म्हणजे दहा लाख एकावर एक रचले तर एक मिलिमीटर भरावा. दोन पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरतं, म्हणून माती फुगते आणि चिकटते. या खनिजाच्या एका ग्रॅममधले सगळे पापुद्रे मोकळे करून त्यांचा पृष्ठभाग मोजला, तर तो भरतो सातशे चौरस मीटर. आपल्या भाषेत एका ग्रॅमला सात गुंठे! चपलेला अर्धा किलो चिखल लागला असेल, तर पाणी, रेती, चुनखडी आणि इतर माती वजा करून शंभर ग्रॅम तरी हे खनिज उरेल. शंभर ग्रॅमला सातशे गुंठे, म्हणजे सतरा एकर. दोन्ही चपला मिळून चौतीस. २०१५-१६च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातल्या खातेदाराची सरासरी जमीन १.३४ हेक्टर निघाली होती, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर. त्या बाईच्या दोन चपलांना दहा खातेदारांची जमीन चिकटली होती, आणि ती काडीने काढून फेकत होती.

ही माती ज्या काळ्या दगडाची झाली, तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. बडनेऱ्यापासून पंढरपूरपर्यंत माती उकरत गेलं, की खाली बहुतेक सगळीकडे तोच लागतो. आता हा काळ वारीच्या दहा लाख पावलांवर वाटा. एका पावलाला ६६ वर्षं येतात, एक अख्खं आयुष्य. शेगावला लाव्हा थिजला असं धरून निघालं, तर माणूस नावाचा प्राणी पंढरपूरच्या अलीकडे तीन-सव्वातीन किलोमीटरवर येऊन मिळतो. ज्ञानेश्वर महाराज शेवटच्या बारा पावलांत. कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखी, जी १५९४ पासून चालत आल्याचं परंपरा सांगते, ती शेवटच्या सात पावलांत. १८६७ साली नागपूरला पोचलेली आणि बडनेऱ्यावरून जाणारी रेल्वे शेवटच्या अडीच पावलांत.

पावसाच्या पाण्याचा प्रवास वेगळाच. बडनेऱ्यात पडलेला थेंब पेढी, पूर्णा, तापी करत सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळतो. कौंडण्यपूरला पडलेला वर्धा नदीतून गोदावरीत आणि तिथून बंगालच्या उपसागरात. पंढरपूरचा भीमेतून कृष्णेत, तोही बंगालच्या उपसागरातच, पण वेगळ्या मुखाने.

चिखलाचा एक हिशेब राहिला. सातशेपैकी दहाच किलोमीटर चिखलाचे निघाले, तरी त्यात चौदा हजार पावलं पडतात, आणि दर पावलाला अर्धा किलो माती वर उचलावी लागते. सात टन माती, एकेका माणसाच्या पायाने. तेव्हा यंदा तुमच्या गावात पालखी किंवा एखादी लहानशी दिंडी मुक्कामाला आली, तर चहा-नाश्ता द्याच, तो सगळेच देतात. पण त्याच्या आधी दारात दोन बादल्या पाणी आणि पाय पुसायला एक कोरडं फडकं ठेवा.